गाल फुगवल्याशिवाय प्रवेश नाही

...नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा, पण मला एक सांगा, एकतीस वर्षं ज्या दारातून माणूस आत जातोय, त्याच दारासमोर उभं राहून त्याने रोज सकाळी आठ वाजता बेडकासारखं तोंड करायचं? का? तर म्हणे सुरक्षेसाठी! कोणाची सुरक्षा? माझी? माझ्यापासून? आणि एवढं करून ती बाई, म्हणजे बाई नाहीच ती, यंत्रच, पण आवाज बाईचा, असा पाकातून काढल्यासारखा, ती म्हणते, "चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा." अहो, कोणाशी जुळत नाही? माझा चेहरा माझ्याशी जुळत नाही? अठ्ठावन्न वर्षं हा चेहरा घेऊन फिरतोय मी, कुणाची तक्रार नाही, म्हणजे कौतुकही नाही, पण तक्रार नाही!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल याचंच डोकं फिरलंय.

तुम्हाला सांगतो, मी काच फुंकतो. नाही नाही, फुलदाण्या नाही, कपाटात ठेवायची हरणं-बदकंही नाहीत. प्रयोगशाळेतली काच. चंबू, नळ्या, आणि ती वेटोळ्यांची नळी नसते का, जिच्यात वाफेचं परत पाणी होतं, कंडेन्सर, ते सगळं. शाळेत तुमच्या हातून जो चंबू फुटला आणि तुम्ही शेजारच्याचं नाव सांगितलंत, तो माझ्यासारख्याच कुणीतरी फुंकलेला असतो. समोर ज्योत, हातात काच, काचेला जोडलेली रबरी नळी, आणि नळीचं दुसरं टोक तोंडात. काच लाल झाली, मऊ झाली, की फुंकायचं. कमी फुंकलं की खड्डा, जास्त फुंकलं की फुगा, आणि मधेच कुणी हाक मारली म्हणून "काय हो?" करून वळून बघितलं, की तीन दिवसांची मेहनत केरात! डोक्यावर सुती टोपी, केस जळू नयेत म्हणून. डोळ्यांवर जांभळट चष्मा, ज्योतीकडे बघता यावं म्हणून. मिशी नाही. एकदा ठेवली होती. अर्धी ज्योतीने नेली, अर्धी मी काढून टाकली.

आणि आमचे गुरुजी, ज्यांनी मला हे शिकवलं, ते रोज ओरडायचे, "फुंक पोटातून यायला पाहिजे रे, गालातून नाही! गाल फुगवतो तो शिकाऊ!" मी मान डोलवायचो आणि गाल फुगवायचो. एकतीस वर्षं फुगवले. काम होतंय ना? मग कोण बघतंय?

बघणार होतं कुणीतरी. एकतीस वर्षांनी.

तर झालं काय, आमच्याकडे पूर्वी साधा दरवाजा होता. वॉचमन किल्ली फिरवायचा, आपण वहीत सही करायची, "काय काका, आज उशीर?" "गाडी चुकली." संपलं! पण मॅनेजरबाईंना कुणीतरी सांगितलं की वही म्हणजे मागासलेपणा. झालं! महिन्याभरात दाराच्या जागी एक फिरता पिंजरा आला, उभा, माणसाच्या उंचीचा, एका वेळी एकच जण मावेल असा, आणि त्याच्या बाजूला हे यंत्र. चेहरा दाखवा, टिंग वाजेल, पिंजरा फिरेल, आत जा. आणि ऐंशी माणसांचे चेहरे यंत्रात भरायला एक तरुण आला, गळ्यात तीन वायरी, खांद्याला बॅग, आणि प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, "पाच मिनिटांचं काम आहे!" म्हणून आम्ही त्याचं नावच पाचमिनिटे ठेवलं. आता तर तो त्याच नावाला ओ देतो.

पाचमिनिटे माझ्या टेबलाशी आला तेव्हा मी दोन नळ्या जोडत होतो. काच लाल, रबरी नळी तोंडात, फुंक चालू. तो म्हणतो, "काका, इकडे बघा." मी मानेनेच नाही म्हटलं. तो म्हणतो, "काका, पाच मिनिटांचं काम आहे!" अरे बाबा, माझ्याकडे पाच सेकंद नाहीत! मी डोळे वटारले, म्हणजे 'थांब' या अर्थाने वटारले, आणि त्याने नळीला बाजूला सारून, खटॅक! "झालं काका, मस्त आलाय." आणि गेला.

काय आलं असेल त्या फोटोत? टोपी, जांभळा चष्मा, दोन्ही गाल टम्म, आणि डोळे असे बाहेर. थांबा, करून दाखवतो... दिसलं? हा मी. यंत्राच्या मते जगात मी असाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी आपला रोजच्यासारखा दारात. अंघोळ केलेला, केस विंचरलेला, सभ्य माणूस. "चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा उभा राहिलो. "चेहरा जुळत नाही." मागे रांग. "काका, पुढे सरका की!" "काका, चेहरा घरी राहिला काय?" शेवटी वॉचमनने पाचमिनिट्यांना फोन लावला आणि मला म्हणाला, "काका, ते म्हणतायत फोटोत जसे आहात तसे उभे राहा." म्हणजे कसे? "म्हणजे... टोपी, चष्मा... आणि ते म्हणतायत, गाल फुगवा."

मी फुगवले. टिंग! "चेहरा जुळला. स्वागत आहे." मागे ऐंशी माणसांनी टाळ्या वाजवल्या हो!

तुम्हाला वाटत असेल, मग नवा फोटो काढून घ्यायचा, एवढं काय? मलाही तसंच वाटलं. मी पाचमिनिट्यांना गाठलं. तो म्हणतो, "काका, सिस्टीमला तुमचा तोच चेहरा माहितीये. नवा टाकायचा असेल तर आधी जुना जुळला पाहिजे." मी म्हटलं, जुळतो की, गाल फुगवले की जुळतो. तो म्हणतो, "मग जुळतोय तर नवा कशाला टाकायचा?" असली कोडी सोडवायला शिकलेला माणूस पाहिजे! मी तर काच फुंकणारा माणूस. तरी त्याने दिलेल्या मदत क्रमांकावर फोन केला. "हजेरीविषयी तक्रार असल्यास एक दाबा. दरवाजाविषयी तक्रार असल्यास दोन दाबा. चेहऱ्याविषयी तक्रार असल्यास तीन दाबा." तीन दाबला. "आपली ओळख पटवण्यासाठी कृपया चेहरा दाखवा." फोन ठेवला!

मग काय, सवय केली. घरी आरशासमोर सराव. बायको म्हणते, "सकाळी सकाळी काय चाललंय?" कामावर जायची तयारी चाललीये! कारण नुसते फुगवून भागत नाही, बरं का, माप लागतं. जास्त फुगवले, चेहरा जुळत नाही. कमी फुगवले, चेहरा जुळत नाही. वॉचमन तर माझा मास्तरच झाला, बाजूला उभा राहून, "काका, डावा जरा कमी आहे... हां... डोळे, डोळे विसरलात... आता धरा!" टिंग! हिशेबखात्यात नवीन आलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी मला या अवस्थेत पाहिलं. ती अजून माझ्याशी बोलताना एक पाऊल मागे उभी राहते.

चालायचं. माणूस कशालाही सरावतो. मीही तीन महिने सरावलो होतो. पण मग आला तो सुट्टीचा दिवस.

आता हे नीट ऐका, कारण इथून पुढे हसण्यासारखं काही नाही, निदान माझ्यासाठी नव्हतं. त्याच्या आधी महिनाभर मॅनेजरबाईंनी मला बोलावलं होतं. बाई वाईट नाहीत, गोड बोलतात, आणि गोड बोलायला लागल्या की आपण खुर्चीची कड धरून बसायचं. "काका, बसा. काका, आता बाहेर सगळं तयार मिळतं, यंत्रावर बनलेलं. वरचे लोक मला विचारतात की हे फुंकायचं टेबल ठेवायचं कशाला?" मग त्यांनी एक चित्र पुढे सरकवलं. एका संशोधन संस्थेला हवा असलेला कंडेन्सर, एकात एक, एकात एक अशी तीन वेटोळी, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. "हे यंत्रावर होत नाही म्हणतात. तुम्हाला जमलं, तर टेबल राहील." आणि नाही जमलं तर? तर बाई गोड हसल्या.

पहिला केला, तडकला. दुसरा केला, आतलं वेटोळं बाहेरच्याला चिकटलं. तिसऱ्याला म्हणून मी सुट्टीच्या दिवशी आलो. कुणी नको, हाक नको, पाचमिनिटे नको. पहाटेपासून बसलो, आणि तुम्हाला सांगतो, अकरा वाजता तो माझ्या हातात होता, पुरा, तिन्ही वेटोळी मोकळी. मी एकटाच होतो, तरी मोठ्याने म्हटलं, "वा!"

पण काच झाली म्हणजे काम झालं असं नसतं. ती भट्टीत ठेवावी लागते, तापवून ठेवावी लागते, आणि मग हळूहळू आच उतरवावी लागते, नाहीतर काचेच्या आत ताण राहतो आणि ती कधीतरी, कुणी शिंकलं तरी फुटते. आणि आमची भट्टी जुनी, हट्टी, तीन-चार तास झाले की आपणहून चढायला लागते. म्हणजे तीन वाजता आच उतरवायला सुरुवात, दर दहा मिनिटांनी बटण एक खूण खाली. साडेतीन झाले आणि कुणी बटणाला हात लावला नाही, तर काच मऊ होते आणि आपल्याच वजनाने बसते. तिन्ही वेटोळ्यांचा एक गोळा! आणि माझ्या टेबलाचं काय होणार, ते तुम्ही ऐकलंच आहे.

आणि नेमकी त्याच वेळी माझी दाढ! रात्रीपासून कुरकुरत होती, अकरा वाजता तिने बोंब ठोकली. डोळ्यांपुढे काजवे! मी विचार केला, काच भट्टीत ठेवून झालीये, तीन वाजायला चार तास आहेत, आणि दातांच्या डॉक्टरबाई दोनपर्यंतच असतात. गाडी चालवायच्या अवस्थेत मी नव्हतो, म्हणून बहिणीला फोन केला.

आता आमची अक्का. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, सत्तावीस वर्षं मुख्याध्यापिका, निवृत्त झाली पण ते शाळेला कळलंय, तिला अजून कळलेलं नाही. लहानपणी माझा गृहपाठ तीच तपासायची. आणि एक गोष्ट सांगायची राहिली, आम्हा दोघांचं तोंड एकच. वडिलांचं. तेच कपाळ, तेच नाक, तीच हनुवटी. अख्खं गाव म्हणायचं, "अगदी एका साच्यातले!" आणि अक्काला याचा असा संताप! "मी त्याच्यासारखी दिसत नाही. तो माझ्यासारखा दिसायचा प्रयत्न करतो." साठ वर्षं हेच!

अक्का आली, मला गाडीत घातलं, वाटेत दात कसे घासावेत यावर भाषण दिलं. डॉक्टरबाईंनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, दाढ काढली, कापूस कोंबला आणि म्हणाल्या, "दोन-तीन तास ओठ जड राहील, काळजी नको." काळजी नको! त्यांना काय माहीत? मला तरी तेव्हा कुठे सुचलं?

पावणेतीनला दारात पोचलो. टोपी घातली, चष्मा लावला, यंत्रासमोर उभा राहिलो, गाल फुगवले... फुस्स्स. परत फुगवले... फुस्स्स! अहो, डावा ओठ माझा राहिलाच नव्हता! तो नुसता लोंबत होता, आणि त्याच्यातून सगळी हवा बाहेर! "चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

मी दोन बोटांनी ओठ गच्च धरला आणि फुगवले. "कृपया चेहऱ्यासमोरून हात काढा." वॉचमन धावून आला, म्हणाला, "काका, मी धरतो बाजूने." धरला त्याने. "कृपया एका वेळी एकाच व्यक्तीने उभे राहावे." माझ्या फोनमध्ये बायकोने गंमत म्हणून काढलेला गाल फुगवलेला फोटो होता, तो यंत्रासमोर धरला. "कृपया जिवंत चेहरा दाखवा." जिवंत! बाई, अजून अर्धा तास असंच चाललं तर तोही राहणार नाही!

दोन वाजून त्रेपन्न मिनिटं. मॅनेजरबाईंना फोन लावला, त्या विमानात. पाचमिनिट्यांना लावला, तो म्हणतो, "काका, निघालोच, पाच मिनिटांत पोचतो!" कुठे आहेस? "दुसऱ्या शहरात." पिंजऱ्याच्या गजांतून मला उजव्या हाताला माझं टेबल दिसत होतं, त्याच्या पलीकडे भट्टी, तिच्यावरचा लाल दिवा. पंधरा पावलं! तुम्हाला खरं सांगतो, मला रडू आलं. डावीकडून लाळ आणि वरून डोळ्यांतून पाणी, अशी माझी अवस्था. एकतीस वर्षं मी त्या भट्टीला वेळेवर पोचलो होतो, आणि आता बाहेर उभा होतो, का, तर मी माझ्यासारखा दिसत नव्हतो.

आणि तेवढ्यात अक्का गाडीतून उतरली. "काय तमाशा चाललाय? उन्हात किती वेळ उभी करणार आहेस मला?" मी तिच्याकडे वळलो. तिने उन्हामुळे कपाळाला आठ्या घातल्या होत्या. तेच कपाळ. तेच नाक. वॉचमनने माझ्याकडे बघितलं. मी वॉचमनकडे बघितलं.

मी म्हटलं, "अक्का..."

"नाही," अक्का म्हणाली. अजून मी काही बोललोही नव्हतो!

"अक्का, एकदाच. टोपी घाल, चष्मा लाव, आणि गाल..."

"मी? रस्त्यावर? गाल? अरे, या शहरात माझे चार हजार विद्यार्थी आहेत! आणि उपयोग काय? मी तुझ्यासारखी दिसत नाही!"

मी तिला सगळं सांगितलं. त्या सुजलेल्या तोंडाने, जमेल तसं. कंडेन्सर सांगितला, बाईंचं गोड हसणं सांगितलं, टेबल सांगितलं. म्हटलं, "अक्का, हे गेलं तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही गं." मग तिने हात पुढे केला, आणि मी त्या हातात टोपी ठेवली.

तर चित्र डोळ्यांपुढे आणा. निवृत्त मुख्याध्यापिका, कडक इस्त्रीचे कपडे, डोक्यावर माझी जळके डाग पडलेली टोपी, डोळ्यांवर जांभळा चष्मा. ती यंत्रासमोर ताठ उभी राहिली आणि तिने गाल फुगवले. अगदी एवढेसे. सभ्यपणे. "चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

अक्काचा चेहरा असा खुलला म्हणता! "बघ! बघ! साठ वर्षं मी काय सांगत होते? यंत्रालासुद्धा कळतं!"

"अक्का, अजून थोडे फुगव, तीन वाजायला दोन मिनिटं आहेत!"

तिने पुन्हा केले. "चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा." आणि तिसऱ्यांदा यंत्राने तेच म्हटलं ना, तेव्हा अक्काचं डोकं सटकलं. तिला एकच गोष्ट तीनदा ऐकवलेली चालत नाही, ते काम ती करते. तिने कमरेवर हात ठेवले, यंत्राकडे अशी नजर रोखली, त्याला आता चांगलं झाडायचं म्हणून भरपूर श्वास घेतला, गाल भरले, डोळे वटारले, तोंड उघडणार तेवढ्यात...

टिंग! "चेहरा जुळला. स्वागत आहे."

तिचं वाक्य तोंडातच राहिलं. साठ वर्षं जी गोष्ट तिने नाकारली, ती त्या डबड्याने तिच्या तोंडावर सांगितली! वॉचमन आकाशाकडे बघायला लागला. मीही बघितलं. पण रागावायला वेळ कुठे होता? पिंजरा फिरला, अक्का आत, आणि मी तिच्या मागोमाग घुसायला गेलो तर गज नाकासमोर बंद. एका चेहऱ्याला एकच माणूस! मी घाईघाईने यंत्राला पुन्हा तोंड दाखवलं, आणि ती बाई काय म्हणाली असेल? "आपण आधीच आत आहात."

मी आत होतो! बाहेर जो उभा होता तो कोण, त्याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

मग बाहेरून मी ओरडतोय, माझा एकही शब्द धड उमटत नाहीये, वॉचमन तो पुन्हा खणखणीत आवाजात आत पोचवतोय, आणि आतून अक्का, "एक एक सांगा! दोघांनी एकदम बोलू नका! कुठलं बटण? काळं? किती खुणा? एक? हातवारे नकोत, एक की दोन?" तिने बटण एक खूण खाली आणलं. घड्याळात बरोब्बर तीन.

आणि मग तुम्हाला सांगतो, दीड तास. दर दहा मिनिटांनी एक खूण. अक्का माझ्या स्टुलावर बसून होती, टोपी डोक्यावर तशीच, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. मी असतो तर एखाद-दोन मिनिटं इकडेतिकडे झाली असती. अक्काची नाही झाली. मधे एकदा ती उठली, भट्टीला एक छोटी काचेची खिडकी आहे, तिच्यातून वाकून आत बघितलं. बघतच राहिली. मी गजांना नाक लावून उभा. म्हटलं, काय झालं? बसली काय काच? बोल की!

ती वळली, पिंजऱ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "हे तू केलंस? तोंडाने?"

मी मान हलवली.

"आणि मी सगळ्यांना सांगते, माझा भाऊ बाटल्या करतो." मग तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "चांगलं आहे. स्वच्छ आहे." अहो, तिच्या तोंडून 'स्वच्छ आहे' हे मी शाळेत असताना एकदाही ऐकलं नव्हतं! एकतीस वर्षांत कुणी मला याच्याहून मोठं काही दिलेलं नाही, आणि मी तेव्हा एका बाजूने लाळ गाळत उभा होतो.

कंडेन्सर संस्थेकडे गेला, त्यांचं पत्र आलं, छान आहे, अजून दोन पाहिजेत. मॅनेजरबाई या वेळी खरंच हसल्या. टेबल राहिलं. संपलं, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं.

पण हे पत्र यायच्या आधीचंच सांगतो, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ. ओठ जाग्यावर, हवा टिकतेय, मी टोपी, चष्मा, गाल फुगवले, अगदी मापात. "चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा." वॉचमन म्हणतो, "काका, डावा..." डावा बरोबर आहे! उजवाही बरोबर आहे! पाचमिनिट्यांना फोन. तो असा खूश! "काका, तुमचं काम झालं! तुम्ही नव्या चेहऱ्यासाठी मागे लागला होतात ना? सिस्टीम आपोआप शिकते. काल सुट्टीच्या दिवशी टिंग झाल्यावर, गाल सोडलेला, तुमचा इतका स्पष्ट चेहरा मिळाला तिला, की जुना काढून तिने तोच ठेवलाय. आता गाल फुगवायची गरज नाही!"

मी म्हटलं, अरे, पण तो... आणि 'बरं बरं' म्हणून फोन ठेवला. काय सांगणार? की सुट्टीच्या दिवशी कारखान्यात मी नव्हतोच, माझी बहीण होती? नोकरी जायची!

त्याच्यावर कडी म्हणजे महिनाअखेरीला फलकावर 'या महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी', सुट्टीच्या दिवशीही हजर म्हणून, माझा हजेरी क्रमांक, आणि वर एवढा मोठा फोटो. यंत्राने आपणहून काढून दिलेला. टोपी, चष्मा, कमरेवर हात, आणि ती नजर. ऐंशी माणसं रोज त्याच्यासमोरून जातात, एकाने ओळखलेलं नाही! मॅनेजरबाई तर म्हणाल्या, "काका, फोटो छान आलाय. पहिल्यांदाच तुमच्या चेहऱ्यावर जरा अधिकार दिसतोय." अक्काने त्याची एक प्रत मागवली आहे. चौकटीसकट. वर म्हणते, "मी नव्हते का सांगत? तूच माझ्यासारखा दिसतोस."

तर आता रोज सकाळी आठ वाजता, मी त्या यंत्रासमोर उभा राहतो, टोपी घालतो, चष्मा लावतो, कमरेवर हात ठेवतो, आणि तिची ती नजर यावी म्हणून मनातल्या मनात जोरात म्हणतो, "गृहपाठ कुठे आहे?" टिंग! "चेहरा जुळला. स्वागत आहे." पिंजरा फिरतो, मी आत जातो, आणि तुम्हाला सांगतो, टेबलापर्यंतची ती पंधरा पावलं मी रोज मान खाली घालून चालतो... कारण गृहपाठ माझाच राहिलेला असतो!